नेहमीच्या बर्बनची पारख: चव घेण्यापासून निर्णयापर्यंत

बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची दुर्मीळ बाटली क्वचित उघडली जाते आणि तिच्याकडून एवढीच अपेक्षा असते की तिने पहिल्या घोटात चकित करावे. नेहमीच्या बर्बनची कसोटी याहून अवघड आहे. ती जेवणानंतर थकलेल्या जिभेने, अर्ध्या लक्षाने, कधी बर्फ घालून तर कधी नुसतीच प्यायली जाते आणि तरीही तिसऱ्या आठवड्यातला घोट पहिल्या दिवशीच्या घोटाइतकाच हवासा वाटावा लागतो. एकाच बैठकीत चव घेऊन गुण देण्याची प्रचलित पद्धत म्हणूनच इथे अपुरी पडते. पुढे सांगितलेली पद्धत काही बैठकांमध्ये विभागलेली आहे: आधी लेबलाचे वाचन, मग नुसत्या बर्बनची सावकाश चव, नंतर पाणी व बर्फ, त्यानंतर लेबल न पाहता केलेली तुलना आणि सर्वांत शेवटी अर्ध्या रिकाम्या बाटलीची फेरतपासणी.

लेबल नीट वाचावे

बर्बनच्या लेबलावरील बराच मजकूर जाहिरातीचा असला, तरी काही शब्दांमागे अमेरिकन कायदा उभा आहे आणि पारख तिथूनच सुरू होते. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बनला अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. नियमानुसार बर्बन अमेरिकेतच तयार व्हावी लागते, धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, ऊर्ध्वपातन ८० टक्के मद्यार्काच्या वर नेता येत नाही, पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि पिंप नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या ओकचेच लागते. बाटलीत मद्यार्क किमान ४० टक्के असावा लागतो. त्यात रंग किंवा स्वाद मिसळण्याची मुभा नाही. चव घेणाऱ्याच्या दृष्टीने या शेवटच्या नियमाचा अर्थ मोठा आहे, कारण ग्लासात जे काही जाणवते ते धान्य, यीस्ट, ऊर्ध्वपातन आणि लाकूड यांपैकी कुठून तरी आलेले असते आणि थोड्या सरावाने त्याचा माग काढता येतो.

‘स्ट्रेट’ या शब्दाचा अर्थ किमान दोन वर्षे पिंपात मुरलेली बर्बन असा आहे. स्ट्रेट बर्बनचे वय चार वर्षांहून कमी असेल तर ते लेबलावर छापणे बंधनकारक असते, त्यामुळे लेबलावर वयच नसेल तर ती निदान चार वर्षांची आहे असे धरून चालता येते. छापलेले वय मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. ‘बॉटल्ड इन बॉंड’ ही १८९७ च्या कायद्याने दिलेली ग्वाही आहे: एकाच डिस्टिलरीत एकाच हंगामात झालेले ऊर्ध्वपातन, सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान चार वर्षे आणि बरोबर ५० टक्के मद्यार्क. नेहमीची बाटली शोधणाऱ्यासाठी हे तीन शब्द लेबलावरील सर्वांत उपयुक्त शब्द आहेत असे माझे मत आहे. याउलट ‘स्मॉल बॅच’ या शब्दांना कोणतीही कायदेशीर व्याख्या नाही. ते वाचून पुढे जावे. मागच्या लेबलावरील बारीक अक्षरेही पाहावीत, कारण बाटली भरणारी कंपनी एका राज्यात आणि ऊर्ध्वपातन दुसऱ्या राज्यात झालेले असेल तर ते राज्य तिथे नमूद केलेले असते. इंडियानात तयार होऊन दुसरीकडे बाटलीबंद झालेली व्हिस्की वाईट असते असे मुळीच नाही, परंतु समोरच्या बाजूला रंगवलेली घराण्याची कथा किती गांभीर्याने घ्यायची हे त्या ओळीवरून कळते.

त्यानंतर धान्याचे मिश्रण, ज्याला मॅशबिल म्हणतात, ते शक्य असल्यास शोधून ठेवावे. मका गोडवा आणि भरीवपणा देतो, माल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली मुख्यतः स्टार्चचे साखरेत रूपांतर घडवते आणि चवीचे खरे वळण ठरते ते तिसऱ्या धान्यावर. ते राय, म्हणजे गव्हासारखेच एक धान्य, असेल तर मिरी, पुदिना आणि कोरडा तिखटपणा येतो. रायऐवजी गहू असेल तर चव मऊ होते आणि गोडवा अधिक मोकळा जाणवतो. वाइल्ड टर्की या ब्रँडचे मिश्रण ७५ टक्के मका, १३ टक्के राय आणि १२ टक्के माल्ट बार्ली असे आहे. मेकर्स मार्क या ब्रँडमध्ये रायऐवजी १६ टक्के गहू आहे. फोर रोझेस ही डिस्टिलरी दोन मॅशबिल आणि पाच यीस्ट यांच्या संयोगातून दहा वेगवेगळ्या व्हिस्की बनवते व त्यांतील एका मॅशबिलमध्ये रायचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत जाते. गव्हाची बर्बन आवडणाऱ्याने रायच्या बर्बनला ‘तिखट’ म्हणून कमी गुण देणे हा न्याय नव्हे. ती तिखट असणारच होती.

ग्लास, मात्रा आणि वेळ

खालून फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा ट्युलिपच्या आकाराचा छोटा ग्लास सर्वांत सोयीचा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास याच कामासाठी लोकप्रिय आहे, परंतु त्याच आकाराचा कोणताही साधा ग्लास चालतो. मात्र साबणाचा वास पूर्ण गेलेला असावा. मात्रा २० ते २५ मिलिलिटर पुरे. अमेरिकेत एक प्रमाणित पेय म्हणजे ४० टक्क्यांच्या मद्याचे सुमारे ४४ मिलिलिटर असे धरतात, म्हणजे ५० टक्क्यांच्या बर्बनचे तेवढेच माप सव्वा पेय होते. तीन-चार ग्लासांची तुलना करताना हा हिशेब लक्षात ठेवावा आणि घोट थुंकण्यासाठी एक भांडे जवळ ठेवण्यात संकोच बाळगू नये. ओतल्यानंतर ग्लास दहा मिनिटे तसाच राहू द्यावा. या वेळात वर तरंगणारी मद्यार्काची पहिली तीव्र वाफ निघून जाते. रंगाकडे एक नजर टाकली तरी पुरते, कारण तो पिंपातील मुक्काम, पिंपाचे जळणे आणि बाटलीतील पाण्याचे प्रमाण अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असतो आणि त्यावरून चवीचे भाकीत करणारे बहुधा फसतात.

वास

वाइनप्रमाणे ग्लास जोरात गरगरवून त्यात नाक खुपसण्याची सवय इथे मोडावी लागते. बर्बनमध्ये वाइनच्या तिप्पट-चौपट मद्यार्क असतो आणि गरगरवल्याने तोच आधी उसळून वर येतो. ग्लास प्रथम हनुवटीपाशी धरावा, तोंड किंचित उघडे ठेवावे आणि नाकाबरोबर तोंडानेही हलका श्वास घ्यावा. यामुळे नाकातली चुरचूर बरीच कमी होते. मग ग्लास हळूहळू ओठांपर्यंत आणावा. ग्लासाच्या काठाची वरची बाजू आणि खालची बाजू यांतून येणारे वासही थोडे वेगळे असतात, म्हणून नाक दोन्हीकडे नेऊन पाहावे. नाक बधिर झाल्यासारखे वाटले तर आपल्याच मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्यावा आणि मिनिटभर थांबावे.

वासाला नाव देण्याची घाई बहुतेकांना अडचणीत आणते. दुसऱ्याच्या टिपणातली चामडे, तंबाखू, चेरी अशी लांबलचक यादी वाचून तीच शोधत बसण्यापेक्षा वास कुठून आला असावा हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. व्हॅनिलाचा वास जवळपास प्रत्येक बर्बनमध्ये सापडतो, कारण उष्णतेने ओकमधील लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होते. त्याच उष्णतेने हेमिसेल्युलोजचे विघटन होऊन कॅरॅमल आणि भाजलेल्या साखरेचा गंध येतो. ओल्या नारळासारखा वास ओकमधील लॅक्टोनचा, तर लवंगेचा वास युजेनॉलचा. केळी, सफरचंद, नाशपाती असे फळांचे वास लाकडातून येत नाहीत. ते किण्वनाच्या, म्हणजे धान्य आंबवण्याच्या वेळी यीस्टने तयार केलेल्या एस्टर नावाच्या सुगंधी संयुगांचे असतात. यावरून एक साधा प्रश्न उभा राहतो, तो प्रत्येक ग्लासाला विचारावा: लाकूड, धान्य आणि फळ या तिघांपैकी इथे कोण बोलते आहे, आणि उरलेल्या दोघांना बोलू देते आहे का? माझ्या अनुभवात नेहमीच्या चांगल्या बाटलीत लाकूड पुढे असते, पण मक्याचा गोडसर वास त्याच्या मागे टिकून असतो. चांगली शंभर टिपणे लिहिण्यापेक्षा या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर अधिक उपयोगी आहे.

दोष ओळखण्याची जागाही वासच आहे. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा झोंबणारा वास एथिल ॲसिटेटचा असतो. थोडासा असेल आणि दहा मिनिटांत विरला तर तो सोडून द्यावा, परंतु शेवटपर्यंत टिकला तर तो दोष समजावा. कच्च्या कणकेचा किंवा उकडलेल्या कणसाचा वास आणि त्यासोबत ताज्या भुशाचा बोचरा वास असेल तर व्हिस्की कोवळी आहे. ओलसर पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचाही असू शकतो, म्हणून त्याच बर्बनची दुसरी बाटली तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

घोट

पहिला घोट मोजायचा नसतो. मद्यार्क आपल्या तोंडातील उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या संवेदकालाच उद्दीपित करतो, त्यामुळे पहिल्या थेंबांना तोंड भाजल्यासारखे उत्तर देते आणि चव त्याखाली दडते. अगदी लहान घोट घेऊन तो जिभेभर फिरवावा, गिळावा किंवा थुंकावा आणि अर्धा मिनिट थांबावे. खरी पारख दुसऱ्या आणि तिसऱ्या घोटाची. जिम बीम या बर्बन बनवणाऱ्या घराण्यातील बुकर नो व्हिस्की चघळल्यासारखी तोंडात फिरवून चव घेत असत आणि त्या पद्धतीला ‘केंटकी च्यू’ हे नाव चिकटले. दिसायला थोडी विचित्र असली तरी ती पद्धत उत्तम आहे, कारण तिने द्रव तोंडाच्या सर्व भागांना लागतो आणि तोंडातून नाकाच्या मागच्या वाटेने गंध वर चढतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. अनेक चवी खरे तर त्या उच्छ्वासातच उमटतात.

तोंडात तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे, आणि त्या एकाच घोटात न पाहता वेगवेगळ्या घोटांत पाहाव्यात. पहिली म्हणजे पोत: द्रव पाण्यासारखा पातळ सरकतो की किंचित तेलकट, भरीव लागतो? ४० टक्क्यांच्या काही बाटल्या वासाला सुरेख असूनही तोंडात विरघळल्यासारख्या होतात, आणि नेहमीच्या पिण्यात ही निराशा दररोज वाट्याला येते. दुसरी म्हणजे चवीचा क्रम. बहुतेक बर्बन गोडव्याने सुरू होते, मध्ये मसाला आणि लाकूड येते आणि शेवटी कोरडेपणा. हा क्रम सलग असावा. सुरुवात गोड आणि शेवट कडू, मध्ये काहीच नाही, अशी पोकळी जाणवली तर ती टिपून ठेवावी, कारण तीच पुढे कंटाळ्याचे कारण बनते. तिसरी गोष्ट तुरटपणा. तो ओकमधील टॅनिनचा असतो आणि थोडा असेल तर गोडव्याला आवर घालतो, पण हिरड्या आखडल्यासारख्या वाटू लागल्या तर लाकूड जास्त झाले. बहुतेक बर्बन जिथे बनते त्या केंटकी राज्यातील उन्हाळा कडक असतो आणि पिंप दरवेळी नवे असते, त्यामुळे बर्बन स्कॉचच्या मानाने लवकर लाकूड शोषते. जास्त वय म्हणजे जास्त गुणवत्ता हे समीकरण म्हणूनच बर्बनला जसेच्या तसे लागू पडत नाही. नेहमीच्या बाटलीसाठी चार ते आठ वर्षांची व्हिस्की मला सर्वांत समतोल वाटते.

शेवट, म्हणजे गिळल्यानंतर उरणारी चव, लांब असावी असे सगळेच सांगतात. नेहमीच्या बर्बनच्या बाबतीत लांबीपेक्षा तो स्वच्छ आहे का हे पाहावे. दहा-पंधरा सेकंदांत गोडसर मसाला मागे ठेवून नाहीसा होणारा शेवट पुढच्या घोटाला वाट करून देतो, तर मिनिटभर टिकणारा कडवट शेवट टिपणात भारदस्त दिसला तरी दुसरा ग्लास नकोसा करतो. छातीत उतरणारी उब, जिला केंटकीत मिठीची उपमा देतात, ती सुखद असेल तर गुणच आहे; घशातच अडकलेली जळजळ मात्र गुण नव्हे. या जळजळीचा मद्यार्काच्या टक्केवारीशी थेट संबंध असतोच असे नाही. ५०.५ टक्क्यांची वाइल्ड टर्की १०१ ही कित्येक सौम्य बाटल्यांपेक्षा सहज उतरते, ही तुलना कोणीही घरी करून पाहू शकतो.

पाणी आणि बर्फ

थेंबाथेंबाने पाणी घालण्याऐवजी मोजून घालावे, म्हणजे पुढच्या वेळी तीच चव पुन्हा मिळते. हिशेब सोपा आहे: मूळ मात्रेला मूळ टक्केवारीने गुणून हव्या असलेल्या टक्केवारीने भागले की एकूण किती मिलिलिटर व्हायला हवे ते कळते. ३० मिलिलिटर ५० टक्क्यांची बर्बन ४५ टक्क्यांवर आणायची असेल तर एकूण ३३.३ मिलिलिटर हवे, म्हणजे सुमारे ३.३ मिलिलिटर पाणी घालावे. अर्धा छोटा चमचा भरून थोडे अधिक. पाणी क्लोरिनचा वास नसलेले, खोलीच्या तापमानाचे असावे. पाणी पडल्यावर दोन मिनिटे थांबून पुन्हा वास घ्यावा. फळांचे वास वर आले आणि गोडवा मोकळा झाला तर ती बाटली पाण्याने खुलणारी आहे. चव सपाट झाली, नुसते लाकूड उरले, तर ती तशीच प्यावी हे कळते. जास्त प्रूफच्या बाटलीचा हा खरा फायदा आहे. अमेरिकेत प्रूफ हा आकडा टक्केवारीच्या दुप्पट असतो आणि १०० प्रूफची बाटली ९० किंवा ८० प्रूफवर आणणे आपल्या हातात असते; उलटी वाट नसते.

बर्फाची चाचणी टाळू नये, कारण नेहमीची बर्बन अनेकदा तशीच प्यायली जाते. थंडीने वास दबतात, गोडवा कमी जाणवतो आणि कडवटपणा व तुरटपणा पुढे येतो. एक मोठा खडा घालून पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी असे दोनदा चाखावे. पंधराव्या मिनिटालाही ती बर्बन म्हणून ओळखू येत असेल तर बाटलीत दम आहे.

लेबल झाकून तुलना

इथवर जमवलेली सर्व मते थोडी संशयास्पद असतात, कारण बाटली समोर होती आणि तिची किंमत ठाऊक होती. म्हणून त्याच प्रकारची एक ओळखीची बाटली आधार म्हणून घ्यावी. रायच्या बर्बनसाठी इव्हान विल्यम्सची बॉटल्ड इन बॉंड किंवा बफेलो ट्रेस, गव्हाच्या बर्बनसाठी मेकर्स मार्क, हे आधार सोयीचे आहेत. मद्यार्कात मोठा फरक असेल तर वरील हिशेबाने दोन्ही एका पातळीवर आणाव्यात, अन्यथा जीभ अधिक जोरदार ग्लासाच्या बाजूने कौल देते.

दुसऱ्या कोणाला तरी तीन ग्लास भरायला सांगावे: दोन ग्लासांत एक बर्बन आणि तिसऱ्यात दुसरी, तळाला खूण केलेली. वेगळा ग्लास कोणता हे आपण ओळखायचे. निव्वळ अंदाजाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येतेच, त्यामुळे एका फेरीवर विसंबू नये. वेगवेगळ्या दिवशी मिळून सहा फेऱ्या कराव्यात. सहापैकी पाच किंवा त्याहून अधिक वेळा केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते, म्हणजे एवढे जमले तर फरक खरा आहे. फरकच ओळखता आला नाही तर महाग बाटलीचा प्रश्न तिथेच निकाली निघतो. या चाचणीला अनेक जण नकार देतात, आणि नकार का देतात हे सांगण्याची गरज नाही.

अर्धी बाटली, गुण आणि किंमत

नुकत्याच उघडलेल्या बाटलीची चव काही आठवड्यांनी थोडी बदलते, कारण रिकाम्या जागेतील हवा आत काम करत असते. अर्ध्यावर आल्यावर पुन्हा एकदा २० मिलिलिटर ओतून जुन्या टिपणाशी ताडून पाहावे. काही बाटल्यांचा सुरुवातीचा बोचरेपणा जाऊन त्या गोलाईला येतात. काहींचे फळांचे वास उडून जातात. बाटली उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी आणि शेवटचा पाव भाग महिनोन्‌महिने रेंगाळू देऊ नये.

शंभरपैकी गुण देण्याची पद्धत मला इथे निरुपयोगी वाटते, कारण ८६ आणि ८८ मधला फरक देणाऱ्यालाही सांगता येत नाही. वीस गुण पुरेसे आहेत: वासाला चार, तोंडातील चव व पोत यांना सात, शेवटाला चार आणि सहजतेला पाच. सहजतेचे गुण मात्र पहिल्या बैठकीत देऊ नयेत. ते अर्ध्या बाटलीच्या वेळी द्यावेत आणि त्यासाठी एकच प्रश्न विचारावा, की मधल्या काळात दुसरी बाटली उघडी असताना हात आपोआप हिच्याकडे गेला का? तेरापेक्षा कमी गुणांची बाटली पुन्हा घेऊ नये असा नियम मी पाळतो.

किंमत गुणांत मिसळू नये. ती शेजारी लिहावी. मात्र तुलना करताना मद्यार्क लक्षात घ्यावा, कारण ७५० मिलिलिटरची ५० टक्क्यांची बाटली ४० टक्क्यांवर आणली तर जवळपास ९३७ मिलिलिटर होते आणि वरवर महाग दिसणारी बाटली अनेकदा स्वस्त ठरते. अमेरिकेत राज्याराज्यांतील कर आणि विक्रीचे नियम वेगळे असल्याने एकाच बाटलीच्या डॉलरमधील किमतीत बराच फरक पडतो, तेव्हा आपल्याला सातत्याने मिळणारी किंमतच हिशेबात धरावी. जी बाटली शोधत फिरावे लागते ती नेहमीची बाटली होऊ शकत नाही, मग तिला वीसपैकी वीस का मिळेनात.

निवड झाल्यावरही अधूनमधून तपासणी करावी लागते, कारण उत्पादक बदल करतात. एलायजा क्रेग स्मॉल बॅचच्या लेबलावरून २०१६ मध्ये बारा वर्षांचा उल्लेख गेला. मेकर्स मार्कने २०१३ मध्ये मद्यार्क ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले होते आणि ग्राहकांच्या नाराजीमुळे थोड्याच दिवसांत तो निर्णय मागे घेतला. त्यामुळे आवडलेल्या बाटलीतून सुरुवातीलाच ५० मिलिलिटर काढून एका लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावे, घट्ट झाकण लावावे, तारीख व प्रूफ लिहावे आणि पुढच्या खरेदीनंतर किंवा लेबल बदललेले दिसल्यावर त्या नमुन्याशी तीन ग्लासांची चाचणी पुन्हा करावी.